सही कुणाची, बोट कुणाचं?

शाळेत असताना हा उद्योग आपण सगळ्यांनीच केलेला असतो. वहीच्या शेवटच्या पानावर सह्यांची प्रॅक्टिस! आडनावाखाली दोन टिंबं द्यायची की एक लांबलचक शेपूट काढायची, यावर बेंचवर गंभीर चर्चा व्हायच्या. मोठं झाल्यावर आपण कुठेतरी साहेब किंवा मॅडम होणार आणि लोक आपल्या सहीसाठी केबिनबाहेर ताटकळणार, याची खात्रीच होती.

प्रत्यक्षात झालं भलतंच. मी भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत फायनान्स बघते. माझी स्वतःची सही फारशी कुणाला लागत नाही. माझं काम म्हणजे इतरांच्या सह्या गोळा करणं. आणि गंमत म्हणजे त्या सह्यांना आता पेनही लागत नाही.

पूर्वी कंपनीने बँकेकडून कर्ज घ्यायचं म्हणजे दिवसभराचा सोहळा असायचा म्हणे. बँकेचा माणूस जाडजूड गठ्ठा घेऊन यायचा. लोन ॲग्रीमेंट, माल आणि येणी तारण ठेवल्याचं हायपोथिकेशन डीड, डिमांड प्रॉमिसरी नोट, संचालकांची वैयक्तिक गॅरंटी, बोर्डाचा ठराव... प्रत्येक पानावर पेन्सिलने फुल्या मारलेल्या. 'इथे सही, इथे सही, आणि इथे शिक्क्यासह.' स्टॅम्प पॅड वाळलेलं निघायचं, मग ऑफिस बॉय नवीन आणायला धावायचा. तोवर दुसरा चहा. आमचे अकाउंटंट काका सांगतात की शेवटच्या पानापर्यंत साहेबांची सही इतकी वाकडी व्हायची की बँकवाले पहिली आणि शेवटची शेजारी ठेवून बघायचे.

आता ईमेलवर लिंक येते. कुणी यूएसबी टोकन लावतं, कुणी मोबाइलवर आलेला ओटीपी टाकतं. वीस मिनिटांत खेळ खल्लास. झकास आहे की! मीही या पद्धतीची फॅन आहे. पेन्सिलच्या फुल्यांबद्दल मला जराही हळहळ नाही. पण या वीस मिनिटांत एक गोष्ट गुपचूप बदलली आहे, आणि आपल्यासारख्या ऑफिसात बसणाऱ्या मंडळींनी ती नीट समजून घ्यायला हवी. पूर्वी सहीसोबत माणूस यायचाच. आता सही एकटी येऊ शकते.

साहेबांच्या कुत्र्याचं नाव

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा म्हणजे आयटी ॲक्ट. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ९ जून २००० रोजी आणि तो लागू झाला १७ ऑक्टोबर २००० पासून. त्याच जूनच्या ३० तारखेला अमेरिकेत अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी तिकडच्या ई-सहीच्या कायद्यावर सही केली. सोहळा फिलाडेल्फियात होता. क्लिंटननी पेनने सही केलीच, पण हौसेने स्मार्ट कार्ड वापरून इलेक्ट्रॉनिक सहीही केली. पासवर्ड होता 'बडी', म्हणजे त्यांच्या लाडक्या कुत्र्याचं नाव. आणि ही गोष्ट दुसऱ्या दिवशी अख्ख्या जगाला माहीत झाली होती!

पहिल्याच दिवशी पासवर्ड चव्हाट्यावर. हसू येतं खरं, पण आपल्याकडच्या कित्येक ऑफिसांत आजही वेगळं काय चालतं? त्याकडे वळतेच. आधी आपल्या कायद्याची गाडी कुठे पोचली ते थोडक्यात.

२००६ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने एमसीए-२१ ही यंत्रणा आणली आणि कंपन्यांचे फॉर्म डिजिटल सहीने ऑनलाइन भरायची सक्ती झाली. छोट्या छोट्या कंपन्यांच्या डायरेक्टरांना पहिल्यांदा टोकन घ्यावं लागलं ते तेव्हा. ऑक्टोबर २००९ पासून कायद्यात 'डिजिटल सही'च्या जोडीला 'इलेक्ट्रॉनिक सही' हा मोठा शब्द आला, आणि केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार फेटाळता येणार नाही, हेही स्पष्ट झालं. २०१५ मध्ये आधारवर आधारलेल्या ई-साइनचा रस्ता मोकळा झाला. त्याच वर्षी कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कंपनीचं कॉमन सील ऐच्छिक झालं.

आमच्या खात्यासाठी सगळ्यात मोठा बदल झाला २०२२ मध्ये. तोपर्यंत आयटी ॲक्टच्या पहिल्या परिशिष्टात काही कागद वगळलेले होते, म्हणजे ते कागदावरच करायचे. त्यात प्रॉमिसरी नोट होती, मुखत्यारपत्र होतं. त्यामुळे लोन ॲग्रीमेंट ई-सहीने आणि डिमांड प्रॉमिसरी नोट मात्र पेनने, असा अर्धा इकडे अर्धा तिकडे कारभार चालायचा. २०२२च्या अधिसूचनेने रिझर्व्ह बँक, सेबी वगैरेंच्या देखरेखीखालच्या संस्थांच्या नावे दिलेली डिमांड प्रॉमिसरी नोट आणि मुखत्यारपत्र इलेक्ट्रॉनिक करायला परवानगी दिली. मृत्युपत्र आणि ट्रस्ट मात्र अजून यादीतच आहेत. थोडक्यात, कंपनीच्या कर्जाचा जवळजवळ सगळा गठ्ठा आता स्क्रीनवर उरकू शकतो.

एक गैरसमज इथेच दूर करते. ई-सही केली म्हणून स्टॅम्प ड्यूटी वाचत नाही हं! महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात 'दस्तऐवज' या शब्दात इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डही येतं. ड्यूटी भरलेली नसेल, तर ती आणि दंड भरेपर्यंत तो करार कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

सहीच्या तीन जाती

ऑफिसात सगळेजण सरसकट 'ई-साइन करून पाठव' म्हणतात. पण त्यात तीन वेगवेगळ्या जाती आहेत.

पहिली म्हणजे फोटो-सही. पांढऱ्या कागदावर सही करायची, मोबाइलने फोटो काढायचा, तो कापून वर्डच्या फाइलमध्ये चिकटवायचा. ही अगदीच कुचकामी आहे असं नाही. दोन पक्षांचं जुळलं होतं हे ईमेलवरूनही सिद्ध होऊ शकतं. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये, रीतसर करारावर सह्या झालेल्या नसतानाही, ईमेलवरच्या देवाणघेवाणीतून करार झाल्याचं मान्य केलं होतं. पण उद्या समोरचा म्हणाला, 'हा फोटो मी चिकटवलाच नव्हता', तर सिद्ध करण्याची सगळी उस्तवार तुमच्या गळ्यात.

दुसरी, आधार ओटीपीवाली ई-साइन. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो टाकला की तुमच्यासाठी एक किल्ली म्हणजे प्रायव्हेट की तयार होते, तिने एकदा सही होते आणि ती किल्ली नष्ट केली जाते. त्या सहीपुरतं जे सर्टिफिकेट बनतं त्याचं आयुष्य जेमतेम ३० मिनिटं!

तिसरी, टोकनवाली डिजिटल सही. ऑफिसच्या भाषेत डीएससी किंवा डोंगल. परवाना असलेल्या सर्टिफाइंग अथॉरिटीकडून ती मिळते. २०२१ पासून क्लास टू बंद झालं, आता क्लास थ्री. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. ती देताना तुमची ओळख व्हिडिओवरून तपासतात. किल्ली त्या यूएसबीच्या पोटात असते, तिची कॉपी काढता येत नाही, आणि वापरायला पिन लागतो.

आतली करामत साधी आहे. करारातल्या अक्षरन् अक्षरावरून गणिताने एक ठसा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. नेहमी वापरात असलेल्या पद्धतीत तो ६४ अंक-अक्षरांचा असतो. एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. तुमच्या किल्लीने हा ठसा बंद केला जातो, आणि तुमच्या सर्टिफिकेटमधल्या जाहीर किल्लीने तो कुणालाही तपासता येतो. ठसे जुळले की पीडीएफमध्ये हिरवी टिक.

म्हणजे पेनच्या सहीपेक्षा ही कितीतरी पक्की. पानं बदलता येत नाहीत, मागची तारीख घालून शेवटचं पान घुसडता येत नाही. फक्त एका प्रश्नाचं उत्तर गणिताकडे नाही. पिन दाबणारं बोट कुणाचं होतं?

दुसरा ड्रॉवर, डावीकडे

आमच्या कंपनीत डायरेक्टर दोन. एक साहेब आणि दुसऱ्या त्यांच्या मिसेस. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन डायरेक्टर लागतात. मग दुसरं नाव कुणाचं? बायकोचं, आईचं, नाहीतर भावाचं. तुमच्या ओळखीतली अशी पाच घरं तुम्हीही सांगाल. जुने कामगार त्यांना वहिनी म्हणतात. मी आधी मॅडम म्हणायचे, पण दोन दिवसांतच त्यांनी सांगून टाकलं, "अगं, वहिनीच म्हण. मॅडम म्हटलं की मला बाईंनी वर्गाबाहेर काढल्यासारखं वाटतं."

गेल्या वर्षी कंपनीची कॅश क्रेडिट लिमिट वाढली. बँकेने सगळा संच ऑनलाइन पाठवला. कंपनीतर्फे साहेबांची सही, आणि गॅरंटीवर साहेब आणि वहिनी दोघांचीही. साहेब प्लँटवर होते. मी काकांना विचारलं, "वहिनींना कधी बोलवायचं?"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कशाला? दुसरा ड्रॉवर, डावीकडे. दोन्ही टोकन आहेत. पिन मागे चिकटवलाय. उरकून टाक."

टोकनच्या मागे खरंच पांढरी चिकटपट्टी होती. एकावर निळ्या शाईने 'साहेब', एकावर 'वहिनी'. खाली पिन. मला क्लिंटनसाहेबांचा कुत्राच आठवला.

काकांचा यात काडीचाही वाईट हेतू नव्हता, हे आधीच सांगते. तीस वर्षं ते या कंपनीचे पैसे सांभाळताहेत. आणि अशा ड्रॉवरचा मक्ता काही आमच्याकडेच नाही. कितीतरी ठिकाणी टोकन कन्सल्टंटच्या ऑफिसात, क्लायंटच्या नावाच्या पाकिटांत, रबर बँड लावून पडलेले असतात. रिटर्नची शेवटची तारीख असते, डायरेक्टर फॉरेनला असतो. सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट सवय होऊन बसते.

पण आरओसीचा वार्षिक फॉर्म वेगळा आणि वैयक्तिक गॅरंटी वेगळी. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. म्हणजे 'आधी कंपनीकडून वसूल करा, उरलं तर माझ्याकडे या' असं म्हणायची सोय नाही. शिवाय २०१९च्या अधिसूचनेने कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांवर दिवाळखोरीची कारवाई करायची वाट खुली झाली, आणि मे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अधिसूचना कायम ठेवली. एका ओटीपीमागे एवढं सगळं असतं, मंडळी.

मी काकांना म्हटलं, "काका, तुमच्या शब्दाबाहेर नाही मी, पण ही सही वहिनींनाच करू दे." माझ्यात काही हरिश्चंद्र संचारला नव्हता. आयटी ॲक्टचं कलम ६६-सी मला ठाऊक होतं. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही अप्रामाणिकपणे वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. सांगितल्यावरून केलेली सही त्यात बसते की नाही, हा वाद वकिलांनी घालावा. मला त्या वादातला पुरावा व्हायचं नव्हतं, एवढंच.

काका पुटपुटले, "आता तुमची पिढी..." पण फोन त्यांनीच लावला.

त्या दिवशी मी मिरजेला होते

वहिनी दुपारी आल्या. चष्मा पुसला, पर्स बाजूला ठेवली आणि गॅरंटीचं पीडीएफ पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मी प्रिंट देऊ का विचारलं तर म्हणाल्या, "नको, इथेच अक्षर मोठं करून दे." चौथ्या पानावर थांबल्या.

"कर्ज कंपनीचं ना? मग माझं नाव कशाला?"

मी सांगितलं. कलम १२८ वगैरे न म्हणता, साध्या भाषेत. कंपनीने पैसे दिले नाहीत तर बँक तुमच्याकडे मागू शकते.

"माझ्याकडे म्हणजे? माझ्याकडे काय आहे?" मग त्याच थोडं थांबून म्हणाल्या, "आईने दिलेला फ्लॅट आहे. तो पण?"

तो फ्लॅट तारण नव्हता. पण गॅरंटीसोबत मालमत्तेचं जे विवरण जातं, त्यात तो लिहिलेला होता. मी तसं सांगितलं. तारण नसला तरी बँक कायद्याच्या मार्गाने त्याच्यापर्यंत पोचू शकते, हेही सांगितलं. गोड बोलून वेळ मारून नेण्यासारखा तो प्रश्न नव्हता.

"आणि हे आधीच्या कर्जालाही होतं?"

फाइल काढली. तीन वर्षांपूर्वीचं रिन्यूअल. त्या गॅरंटीवरही वहिनींची डिजिटल सही होती. सहीवर क्लिक केलं की बाजूला सगळा तपशील उघडतो. नाव, सर्टिफिकेट कुणी दिलं, तारीख, वेळ. वहिनी स्क्रीनजवळ वाकल्या. तारीख वाचली. बोटांवर काहीतरी मोजलं.

"त्या दिवशी मी मिरजेला होते," त्या म्हणाल्या. "आईचं ऑपरेशन होतं."

काका खिडकीबाहेर बघायला लागले. एसीचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

तेवढ्यात साहेब आले. काय चाललंय हे त्यांना चेहऱ्यांवरूनच कळलं असावं. "अगं, तुझी तिकडे धावपळ चाललेली. म्हटलं उगाच तुला कशाला त्रास." ते खरंच होतं, त्यांच्या बोलण्यात कुठे खोट नव्हती. वहिनींनाही ते ठाऊक होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्रास कसला, फोन केला असता तर हो म्हटलंच असतं मी. पण विचारायचं तरी."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "ही लिंक किती दिवस चालते?"

लिंकला अजून चार दिवस होते. त्यांनी दोन मागून घेतले.

त्या दोन दिवसांत वहिनींनी जे केलं, ते आमच्या फायनान्स खात्यालाही आजवर सुचलं नव्हतं. त्यांनी बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरला स्वतः फोन लावला. गॅरंटीत एक वाक्य होतं, की कंपनीची आजची आणि यापुढची सगळी देणी यात येतील. वहिनींनी विचारलं, पुढची सगळी म्हणजे कुठली? उद्या कंपनीने नवीन मशीनसाठी आणखी कर्ज काढलं तर तेही माझ्या डोक्यावर? त्यांना आपली गॅरंटी या लिमिटपुरती आणि तिच्यावरच्या व्याज-खर्चापुरतीच हवी होती. बँकेने त्यांचं नाव काढायला साफ नकार दिला, त्या डायरेक्टर आणि शेअरहोल्डर असल्यामुळे. पण दोन-तीन ईमेलनंतर त्यांच्या लीगल खात्याने ते वाक्य बदलून नवीन मसुदा पाठवला. कलम १२८ मधल्या 'वेगळं काही ठरलं नसेल तर' या शब्दांचा अर्थ मला तेव्हा खरा कळला. वेगळं ठरवता येतं. मात्र त्यासाठी कुणीतरी वाचून विचारावं लागतं.

वहिनींनी सही केली, घरी बसून, स्वतःच्या मोबाइलवरच्या ओटीपीने. रात्री मेसेज आला, 'केली गं. आता झोप.'

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात येऊन आपलं टोकन मागून घेऊन गेल्या. जुनं सर्टिफिकेट रद्द केलं, नवीन काढलं. व्हिडिओसमोर बसून स्वतःचं पूर्ण नाव सांगताना त्यांना म्हणे फार हसू आलं. नवा पिन कुणालाच ठाऊक नाही. साहेबांनाही नाही.

कायदा कुणाला धरतो?

या सगळ्या प्रकारानंतर मी आयटी ॲक्टचं कलम ४२ पुन्हा नीट वाचलं. ते सांगतं की किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर विनाविलंब सर्टिफाइंग अथॉरिटीला कळवायचं. आणि कळवेपर्यंत जबाबदारी त्याचीच. किती स्पष्ट! 'टोकन अकाउंटंटकडे होतं हो' हे वाक्य ऐकणाऱ्याला पटेल, पण त्याने तुमची सुटका होईलच असं नाही. उलट टोकन तुम्हीच विश्वासाने दिलं होतं, हेच समोरचा वकील दाखवून देईल.

म्हणून ऑफिसमध्ये नव्याने लागलेल्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. 'साहेबांचा डोंगल लाव आणि उरकून टाक' हे काम तुमच्यावरच येणार आहे. तुम्ही ज्युनियर असता, नाही म्हणायची भीती वाटते. सरळ नकार देणं जमत नसेल तर मधला रस्ता आहे. 'सर, सगळं तयार ठेवलंय, फक्त पिन तुम्ही टाका' असं म्हणायचं. साहेब बाहेरगावी असतील तर आधारची ई-साइन आहेच. ती करायला भोसरीला यावं लागत नाही. आणि एखाद्याने कायम सही करायचीच असेल, तर बोर्डाच्या ठरावाने त्याला अधिकार द्यावेत आणि त्याने त्याच्या स्वतःच्या टोकनने, स्वतःच्या नावाने करावी. एवढं सरळ आहे ते.

आणखी एक. ई-सही केलेल्या कराराची प्रिंट काढून फाइलला लावली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. प्रिंटवर सही नसते, सहीचं चित्र असतं. ठसा, सर्टिफिकेट, वेळ हे सगळं मूळ पीडीएफमध्ये राहतं. ती फाइलच जपायला हवी. आपल्या जालन्याचा खटला या बाबतीत देशभर गाजला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. वाद होता उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही याचा, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. १४ जुलै २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ उपकरण हजर न करता इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची प्रत द्यायची असेल, तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ते प्रमाणपत्र आहे, आणि त्याच्या नमुन्यात आता हॅश लिहायचा रकानाही आहे. म्हणजे आपल्या त्या ६४ अक्षरांच्या ठशाला कोर्टाच्या कागदातही जागा मिळाली!

आमच्या ऑफिसात आता एक छोटं रजिस्टर आहे. कुठलं टोकन कुणाकडे, मुदत कधी संपते, कुठल्या करारावर कुणी कधी सही केली. ते काकाच लिहितात, मोत्यासारख्या अक्षरात. गॅरंटीचा कागद असला की ते स्वतः फोन करतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "वाचून झालं का?" साहेब अधूनमधून वैतागतात, की पूर्वी कामं पटापट व्हायची. खरं आहे, पूर्वी वीस मिनिटांत व्हायचं, आता दोन-तीन दिवस लागतात. बँकेची अजून तक्रार आलेली नाही.

गेल्या महिन्यात मशीनसाठी टर्म लोनचा प्रस्ताव आला. पहिल्या ड्राफ्टवर तीन शंका वहिनींच्या होत्या, आणि चौथी, व्याजदर बदलण्याच्या कलमाबद्दलची, चक्क साहेबांची.